पान सातवरची विहीर

जालना, ६ एप्रिल २०२५

एकता,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वाचून तसाच सोडतेस, म्हणून कागद. पुस्तिकेच्या मागच्या पानावर तुझ्या पुण्यातल्या ऑफिसचा पत्ता छापलाय, तो शोधावा लागला नाही. खुशाली विचारत नाही. दोन वर्षं विचारली नाही, आता विचारली तर खोटी वाटेल.

‘जुना जालना : एका सकाळीत’ मला काल मिळाली. सोळा पानं, चकचकीत कागद, मजकूर तुझा. मी ती तीनदा वाचली आणि पेन्सिलीने खुणा केल्या. तुझ्या कंपनीकडे जी माहिती गेली ती आमच्या कंपनीच्या सर्वेक्षणातून गेली, आणि जुन्या गावातल्या दोनशे बारा जागा मी मोजल्या, हे तुला ठाऊक असेलच. प्रत्येक कागदाखाली माझी सही आहे. मोजमापं बरोबर आहेत. मी तपासली आहेत. तुझी वाक्यं मात्र कुणी तपासलेली दिसत नाहीत.

पहिलंच वाक्य ‘जालना, सोने का पालना’. बाहेरून येणारा प्रत्येक जण हेच म्हणत उतरतो; तू इथली असून तेच लिहावंस? पान तीनवर मस्तगड ही ‘शांत, निवांत वस्ती’. तुझं बालपण कुठे गेलं, एकता? सकाळी नऊला मस्तगडाच्या चढावर दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकाला मागे जावं लागतं आणि दोघंही जात नाहीत. खालच्या दुकानात पत्र्याचे डबे ठोकतात, वरच्या मजल्यावर शिकवणी चालते, आणि पोरं त्या ठोक्यावर पाढे म्हणतात. बघण्यासारखं ते आहे. ते तू टाळलंस.

पान चारवर कुंडलिका ‘झुळझुळ वाहते’. एप्रिलमध्ये पुलावर उभी राहून नाक न धरता हे वाक्य म्हणून दाखव. नकाशात उत्तर दिशा बारा अंशांनी चुकलीय. त्या बाणाने निघालेला पाहुणा देवळाऐवजी कडब्याच्या बाजारात पोहोचेल. तसा तो तिथे पोहोचला तर बरंच होईल. संध्याकाळी बैलगाडीतून कडबा उतरवताना पेंढ्या एकाकडून दुसऱ्याकडे फेकतात, मधला माणूस न बघता झेलतो. सराफ्याबद्दल तू दीड पान लिहिलंस, त्याच्या मागच्या बोळात तराजूचे काटे दुरुस्त करणारे राधेश्यामकाका आहेत, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. गावातल्या सगळ्या दुकानांचं खरं-खोटं त्या माणसाच्या हातून जातं. आणि ‘दोन तासांची फेरी’? मी काल तुझ्या क्रमाने चालले. तीन तास दहा मिनिटं लागली, कुठेही न बसता.

आता पान सात. ‘रुसवा बारव.’

बारवेला पायऱ्या असतात. आपल्या गल्लीतल्या विहिरीला एकही नाही. तिला कुणी कधी रुसवा म्हटलेलं नाही, तिला नावच नाही, ती विहीर आहे. ‘स्थानिक आख्यायिकेनुसार, रुसलेल्या दोन मैत्रिणी या पाण्यात एकत्र डोकावल्या की त्यांचा रुसवा जातो.’ स्थानिक म्हणजे कोण? स्थानिक म्हणजे तू आणि मी. नववीत इतिहासाच्या प्रकल्पाला एक पान कमी पडत होतं म्हणून तू हे तुमच्या गच्चीवर बसून रचलंस आणि मी चांगल्या अक्षरात उतरवलं. बाईंनी दहापैकी नऊ दिले. ते आता सरकारी शिक्क्याने छापून आलंय.

त्या पानावरच्या उरलेल्या मजकुराबद्दल नंतर लिहीन.

आकांक्षा


१५ एप्रिल

एकता,

उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण आता प्रश्न वाक्यांचा राहिला नाही.

काल सकाळी गल्लीत एक टेम्पो आला. त्यातून लोखंडी जाळी उतरली, गोल, विहिरीच्या मापाची. माप बरोबर होतं: व्यास तीन मीटर पाच सेंटिमीटर. दुपारपर्यंत कठड्यावर चहूबाजूंनी वेल्डिंग झालं. मध्ये हात जाईल एवढंही भोक नाही. विहिरीवरचं आडवं लाकूड करवतीने कापून बाजूला टाकलं. ‘ठिकाणांचं सुशोभीकरण’ म्हणून योजना आहे, तिच्यात तुझं पान सात आहे.

मी कामावरून आले तेव्हा गल्लीतल्या बायका जाळीभोवती उभ्या होत्या. कोपऱ्यावरच्या गोजरमावशी, त्यांना तू विसरली नसशील, सगळ्यांच्या पुढे, रिकामी घागर कमरेवर. मुकादम भुजंग म्हणून आहे, तो गॉगल कपाळावर चढवून बोलत होता.

“मावशी, माझ्यावर कशाला वरडता? ही इहीर बंदय. कागदावर बंदय.”

“कागदाला म्हन घागर भर.”

“मी वेल्डिंग करून राह्यलो, मी काय साहेब हाय का?”

“न्हाईस ना? मंग जल्दी काढ की. साहेब असतास तं टाइम लागला असता.”

बायका हसल्या. भुजंगही हसला, पण जाळी काढली नाही. वरून निळे दिवे बसवायचेत, म्हणाला. मग मावशींना मी दिसले.

“आली का इंजिनेर! ये, ये. तुमच्याच कागदाचं चाललंय. आमाला सांग, ह्या जाळीतून पोहरा कसा सोडायचा? उभा का आडवा?”

मी म्हटलं, योजनेच्या कार्यालयात विचारते. आई शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि रिकामी कळशी उचलून घरात गेली.

नळाला सध्या नवव्या दिवशी पाणी येतं, पाऊण तास. मधले आठ दिवस ही गल्ली, म्हणजे सतरा घरं, या विहिरीवर काढते. आता सगळ्यात जवळचा बोअर शाळेमागे आहे. मी टेप लावली: तीनशे चाळीस मीटर, त्यातले नव्वद चढाचे. आज सकाळी तुझी आई तिथून दोन कळश्या घेऊन येताना दिसली. तीनदा थांबली. प्रेमकाकी हे तुला फोनवर सांगणार नाहीत. ‘सब बराबर है’ म्हणतील. म्हणून मी सांगते.

आणि हो, तुझे पर्यटक आले. दुपारी दोन मुली आल्या, जाळीवर वाकल्या, गालाला गाल लावला, व्हिडिओ काढला. एकीने जाळीतून रुपया टाकला. गोजरमावशींनी ओट्यावरून विचारलं, “का गं, भांडन झाल्तं का तुमचं?” त्या म्हणाल्या, “नाही आजी, असंच.” मावशी म्हणाल्या, “मंग आधी भांडून या. फुकटचं पानी खराब करता.”

कार्यालयात मी गेले. साहेब म्हणाले, १ मे रोजी उद्घाटन आहे; त्यानंतर जागा योजनेकडे जाते आणि पाच वर्षं तिथला खिळाही हलवता येत नाही. त्याआधी आख्यायिका खोटी असल्याचं लेखिकेने लेखी दिलं तर विचार करू. लेखिका म्हणजे तू. एक कागद, एक सही. सोळा दिवस आहेत.

तू तेव्हाही असंच केलंस. आपल्या दोघींच्या मोजणीच्या ऑफिससाठी गांधी चमनजवळचा गाळा ठरला होता, पाटी रंगवून झाली होती, मोजणीचं यंत्र येणार होतं, आणि उघडायच्या दोन दिवस आधी तू ‘मला पुण्याला नोकरी लागली’ एवढा मेसेज केलास. मी ती पाटी एकटीने उतरवली. त्या वेळी नुकसान माझ्या एकटीचं होतं, म्हणून मी गप्प बसले. या वेळी सतरा घरांचं आहे.

आकांक्षा


२३ एप्रिल

एकता,

तुझं पत्र आज आलं. तीन ओळी आणि एक झेरॉक्स. मी तुझ्या ओळी इथे पुन्हा लिहिते, म्हणजे मी त्या वाचल्या नाहीत असं मला म्हणता येणार नाही.

‘गोष्ट मी लिहिली. अवापरात तू लिहिलंस. दादाजी गेले तेव्हा कप्पी आमच्या घरी होती, हे तुला माहीत नव्हतं?’

झेरॉक्स नोंद क्रमांक ११८ ची. सही माझी.

मी आधी एक दुसरं पत्र लिहिलं होतं. त्यात मी सिद्ध केलं होतं की ११८ मधला एकही रकाना खोटा नाही. ते फाडलं.

माहीत होतं.

साहेबांनी मला एक नाही, दोन गोष्टी सांगितल्या होत्या. जागा या यादीत यायला दोन अटी: तिचा वापर नसावा आणि तिला गोष्ट असावी. “मॅडम, दोन्ही कागदावर आहेत,” असं ते म्हणाले. त्यातली तुझी अट मी तुला कळवली आणि माझी ठेवून घेतली.

नियम असा होता की विहिरीवर सकाळी सहा ते आठ या वेळात जायचं, पाणी शेंदायचं साधन जागेवर आहे का आणि उपसा चालू आहे का बघायचं, आणि शेजारच्या एका घरी विचारून खात्री करायची. मी अठरा जानेवारीला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आले. लाकडावर कप्पी नव्हती. बायका नव्हत्या. साधन: नाही. उपसा: नाही. शेऱ्याचा रकाना रिकामा. पुढे ती नोंद मोबाईलच्या पडद्यावर आपोआप राखाडी होते आणि तिच्यावर ‘अवापरात’ असं उमटतं. मी तिथे उभी राहून ते उमटताना पाहिलं.

आपल्या गल्लीतली कप्पी विहिरीवर कधीच राहत नाही, हे कुणी मला समजावून सांगायला नको. लोखंडाच्या गावात लोखंड टिकत नाही. दोनदा चोरून भंगारात गेली तेव्हापासून ती आठवडा-आठवडा घराघरात फिरते. ज्या घरी पाळी, त्या घरची बाई साडेपाचला लावते आणि आठला काढून नेते. त्या आठवड्यात पाळी तुमच्या घरी होती. संक्रांतीच्या दिवशी तुमचे बालकिशन दादाजी गेले. सुतकाच्या घरातली कप्पी तेराव्यापर्यंत बाहेर काढत नाहीत, आणि त्या घराची पाळी मोडून दुसरी कप्पी लावत नाहीत. गल्ली तेवढे दिवस टँकरवर आणि मागून आणलेल्या पाण्यावर काढते. असं माझ्या आजोबांच्या वेळीही झालं होतं. तेव्हा तुझ्या आईने कुणाला न सांगता रोज आमच्या दारात दोन कळश्या आणून ठेवल्या होत्या.

हे सगळं शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळींत बसलं असतं: ‘घरात मृत्यू झाल्याने उपसा तात्पुरता बंद.’ त्यासाठी विहिरीला सगळ्यात जवळच्या घरी विचारून खात्री करायची होती. सगळ्यात जवळचं घर तुमचं. दाराबाहेर चपला होत्या, आणि त्यांत तुझे निळ्या पट्ट्याचे बूट होते. मी ओळखले. तू आलेली होतीस. मी आत आले असते तर मला तुझ्यासमोर बसावं लागलं असतं, आणि मला ते करायचं नव्हतं. मी पुढच्या जागेवर गेले. नोंद ११९, एक कमान.

मी स्वतःला सांगितलं की मी राहते त्या गल्लीला मी सवलत देत नाही. जे दिसलं ते लिहिलं. हे वाक्य मी तीन महिने बाळगलं. ते किती निर्दोष वाटतं ते बघ.

आता तुझ्याबद्दल, कारण मी माझा राग आवरता घेतलेला नाही. ११८ तुझ्यासमोर आली तेव्हा तू ‘अवापरात’ हा शब्द वाचलास. तुझी आई त्या विहिरीचं पाणी रोज भरते हे तुला माहीत होतं. सहीही ओळखलीस. एक फोन केला असतास, “आकांक्षा, हे काय लिहिलंस?” एवढंच, तर मी दुरुस्त केलं असतं. केला नाहीस. मी दारात आले नाही याचा तुला राग होता, तो मला मान्य आहे. पण तो राग तू ‘अवापरात’ या शब्दासकट पान सातवर छापलास, वर नववीतली गोष्ट जोडलीस, मैत्रिणींची. मला टोचावं म्हणून. टोचलं. फक्त जाळी माझ्यावर नाही, विहिरीवर बसली.

मी सोमवारी, २८ तारखेला, कार्यालयात जाऊन लेखी देणार आहे की नोंद ११८ चुकीची आहे आणि चूक माझी आहे. तू काय करायचं ते मी सांगत नाही. मागच्या पत्रात सांगत होते.

दादाजी मला ‘मापवाली’ म्हणायचे. मी त्यांच्या मागे भेटायला, बैठकीला आले नाही.

आकांक्षा


४ मे

एकता,

घडलं ते क्रमाने लिहिते.

२८ तारखेला मी कागद दिला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला. “मॅडम, एक नोंद चुकली म्हणजे दोनशे बारा पुन्हा बघाव्या लागतील. कळतंय ना तुम्हाला?” म्हटलं, कळतंय. “मग कशाला देता? गल्लीतल्या बायका पाच वर्षं दुसरीकडून पाणी भरतील, काही मरत नाहीत.” मी पोच मागितली. त्यांनी दिली नाही. मी खुर्चीवर बसून राहिले. सव्वा तासाने शिपायाने शिक्का मारून आणून दिली. त्याच संध्याकाळी कंपनीने मला या कामावरून काढलं. बाकीच्या नोंदी आता दुसरं कुणीतरी तपासेल. त्यांत दुसरी चूक सापडणार नाही असं मला वाटतं, पण असं मला आधीही वाटत होतं.

तुझं पत्र ३० ला कार्यालयात पोहोचलं; माझ्या कागदाचं काय झालं ते विचारायला मी तिथेच गेले होते. साहेबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं: ‘सदर आख्यायिका मी वयाच्या चौदाव्या वर्षी, शालेय प्रकल्पाची पानं भरण्यासाठी रचली असून तिला कोणताही आधार नाही.’ सगळं कार्यालय हसलं. मी हसले नाही, पण तुझं वाक्य चांगलं आहे हे मान्य करते. पुस्तिकेतल्या कुठल्याही वाक्यापेक्षा चांगलं. तुझ्या कंपनीत ते कसं घेतलं गेलं असेल याची मला कल्पना आहे. तू त्याबद्दल काही लिहिलं नाहीस.

एक तारखेला उद्घाटन झालं, पण दुसऱ्या ठिकाणी. परवा भुजंग कटर घेऊन आला. “लावायला सा घंटे लागल्ते,” म्हणाला, “काढायला चाळीस मिनिटं. आधीच इचारलं असतं तं माजा गॅस वाचला असता.” गोजरमावशींनी त्याला चहा दिला आणि वर ऐकवलं, “पुन्हा आलास तं हातात पोहरा घेऊन ये.” कापलेल्या लाकडाच्या जागी नवीन लाकूड माझ्या आईने आणि आणखी दोघींनी बसवलं. मी मापं घेऊन दिली. कुणी मागितली नव्हती.

बायका माझ्याशी पूर्वीसारख्या बोलत नाहीत. मावशी तेवढ्या बोलतात, त्याही ओट्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं: “इंजिनेर, लिहिलं का कागदावर, इहीर जित्ती हाय म्हनून? का अजून इचार चालू हाय?” मी लिहिलंय म्हटलं. “मंग वाचून दाखव एक दिवस. आमाला बी कळू दे आमी काय करून राह्यलो ते.”

काल मी तुमच्या घरी गेले. प्रेमकाकींनी दार उघडलं, हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, “साडेतीन महिने लागले गं तुला, समोरचा रस्ता ओलांडायला? किती मीटर आहे?” मी सांगितलं, सहा. त्या आत वळल्या. “बैस. चहा ठेवते.” दादाजींचा फोटो उत्तरेच्या भिंतीवर लावलाय. मी पाऊण तास बसले. निघताना त्यांनी विचारलं, “एकता फोनवर बोलते का तुझ्याशी?” मी म्हटलं, पत्रं लिहितो. त्यांना ते विचित्र वाटलं.

तू मला माफ केलंस का, हे मी विचारत नाही. मी तुला केलं का, हे मलाही नक्की सांगता येत नाही. नक्की नसलेलं मी लिहीत नाही. पण पुस्तिका दुरुस्त करून पुन्हा छापणार असं साहेब म्हणाले, आणि पान सात रिकामं आहे. ते काम अजून तुझ्याकडेच असेल तर खालचा मजकूर घाल. नसेल तर ज्याच्याकडे असेल त्याला दे. एकही शब्द वाढवू नकोस.

‘विहीर. मस्तगडामागे, दुसऱ्या बोळात. दगडी, गोल, व्यास ३.०५ मीटर, खोली ११.४० मीटर. पायऱ्या नाहीत. आख्यायिका नाही. सतरा घरं हिचं पाणी भरतात. सकाळी साडेपाच ते आठ गर्दी असते. त्या वेळी आलात तर बाजूला उभे राहा. फोटो काढण्याआधी बायकांना विचारा. तहान लागली असेल तर मागा. देतात.’

आकांक्षा